विहिणीच्या घरच्या बरण्या

आसिलकानला काराकोल शहराच्या बाजारात सगळे ओळखत आणि म्हणूनच टाळत. ती आरोग्य खात्याची तपासनीस. तिच्या शिक्क्याशिवाय दूध, मांस, मध विकायचं नाही, असा नियम. आणि घरी झाकण दाबून बंद केलेल्या भाजीच्या बरण्यांना तर सरळ बंदी. लोक बंदी ऐकून घेत आणि बरण्या फळीखाली ठेवून विकत.

मंगळवारी एका ट्रक ड्रायव्हरला इस्पितळात आणलं. त्याच्या पापण्या उघडेनात, जीभ हलेना, मग श्वासही यंत्राने द्यावा लागला. त्याने बरणीतली वांगी खाल्ली होती. ती कुणाकडून आणली हे त्याच्या बायकोने सांगितलं, तेव्हा आसिलकानने ते नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं. बरणी बुरमाकानची होती, म्हणजे तिच्या लेकीच्या सासूची. चोल्पोनच्या लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. दुसऱ्या कुणाला जप्तीला पाठवावं, तर बाजाराला तपासनीस एकच.

विहीण येणार हे घरात सकाळीच कळलं होतं; बुरमाकानने स्वागतात काही कमी केलं नाही. जेवणाचं पांढरं कापड, दस्तरखान, जमिनीवर पसरलं, त्यावर रोटी, लोणी, जर्दाळूचा मुरंबा, आणि मधोमध मुद्दाम उघडलेली वांग्याची बरणी. चोल्पोन डोक्याला पांढरा रुमाल बांधून, खाली मान घालून चहा ओतत होती. तिने आईकडे एकदाही पाहिलं नाही.

आसिलकानने येण्याचं कारण सांगितलं. बुरमाकानने ते शांतपणे ऐकलं, वाडग्यात वांगी काढली आणि पुढे सरकवली. आमच्या काराकोलात न चाखता कुणाच्या घरून उठत नाहीत. भांडायला आलेला माणूसही आधी रोटी मोडतो.

"आधी चाखा, विहीणबाई. मग म्हणा विषारी."

"चवीला कळत नाही ते. वासालाही नाही."

"म्हणजे चांगलं लागलं तरी वाईटच? सरकारी शिक्षण म्हणतात ते हेच वाटतं."

आसिलकानने रोटीचा तुकडा मोडला, लोण्याला लावून खाल्ला. वाडग्याला हात लावला नाही. चोल्पोनची किटली हातातच राहिली.

मग बुरमाकानने तोंड सोडलं. लग्नात याच बरण्या वाढल्या होत्या, तेव्हा तुमच्याकडचे पाहुणे बोटं चाटत होते, तुम्हीही दोनदा मागून घेतलंत, कुणी मेलं का, असं तिने विचारलं. ते खरंच होतं. आसिलकानने मान्यही केलं. शंभरातली एखादीच बरणी बिघडते, पण ती कोणती हे तुम्हाला, मला, कुणालाच सांगता येत नाही, एवढंच ती म्हणाली.

"मग मीच खाते," म्हणत बुरमाकानने चमचा भरून तोंडाशी नेला.

आसिलकान दस्तरखानावरून झेपावली आणि तिने विहिणीचं मनगट धरलं. चहा लवंडला, वांगी पांढऱ्या कापडावर सांडली. यजमानिणीच्या हातातलं अन्न असं पाडणं म्हणजे त्या घराची अब्रू काढणं. पण त्या क्षणी आसिलकानला खात्याची आठवण नव्हती, लेकीच्या संसाराचीही नव्हती. समोरची बाई मरेल, एवढीच भीती तिला वाटली.

बुरमाकान मनगटाकडे बघत राहिली. धरणारा हात सोडत नव्हता.

"एवढं खरं आहे हे?"

"त्याला डोळे उघडता येत नाहीत, विहीणबाई. ऐकू मात्र सगळं येतं. बायको रडते तेही."

बुरमाकानने चमचा खाली ठेवला. "खाऊ द्यायचं होतं. घर तुमच्या पोरीचंच झालं असतं," ती म्हणाली. कुणी हसलं नाही. ती स्वतःही हसली नाही.

मग ती सुनेकडे वळली.

"सूनबाई, तळघरातल्या सगळ्या बरण्या वर आण. बटाट्याच्या पोत्यामागे लपवल्यात त्याही."

चोल्पोन उठली.

"आणि तुझ्या खोलीतली," बुरमाकान म्हणाली. "आईला जाताना द्यायची म्हणून सकाळी रुमालात बांधलीस ना, ती आधी आण."