सोसायटीचे मालक

म्युरिअल हॉवर्थने शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली आणि त्या तरुणाला बसायला जागा दिली. टाऊन हॉल गच्च भरला होता. रॅमशॉ बिल्डिंग सोसायटी, म्हणजे सभासदांच्या ठेवींतून घरासाठी कर्ज देणारी गावची संस्था, सभासदांचीच राहावी, की तिची कंपनी करून शेअर बाजारात न्यावी, याचा निकाल आज लागायचा होता. कंपनी झाली तर प्रत्येक सभासदाला फुकट शेअर मिळणार होते.

"तू इथला नाहीस," म्युरिअल म्हणाली.

"लंडनचा. डंकन पेल."

"आणि रॅमशॉच्या सोसायटीत कसा?"

"खातं उघडलंय. अशी बऱ्याच सोसायट्यांत उघडलीत." तो जरा ओशाळला. "एखादी तरी कंपनी होतेच."

"म्हणजे पेपरवाले ज्यांच्या नावाने बोटं मोडतात, त्यातलाच तू! मला वाटलं होतं, तुम्ही लोक जरा बऱ्या कपड्यांत असाल."

डंकन खो खो हसला. व्यासपीठावरून अध्यक्ष 'नवी क्षितिजं' वगैरे बोलत होते. मागून कुणीतरी ओरडलं, "माझ्या आज्याने उभी केलेली सोसायटी आहे ही!" त्यावर दुसरा म्हणाला, "मग आज्यालाच मत देऊ दे!"

भाषणं संपली. मतपेट्या संध्याकाळपर्यंत उघड्या राहणार होत्या. म्युरिअल डंकनला जेवायलाच घरी घेऊन गेली. असा माणूस जवळून पाहायची संधी ती सोडणार नव्हती. मांस-बटाटा भरून भाजलेला 'मीट पाय' वाढता वाढता तिने त्याला खोदून खोदून विचारलं. तो एका खोलीत भाड्याने राहत होता. शेअर विकून पैसे साठवायचे आणि स्वतःचं घर घ्यायचं, एवढाच बेत होता.

"हे घर तुमचंच?" त्याने विचारलं.

"माझंच. घेतलं तेव्हा मी गिरणीत होते. बँकेत कर्ज मागायला गेले, तर म्हणाले, बापाची नाहीतर नवऱ्याची सही आणा. बाप वारलेला, नवरा केलाच नव्हता."

"मग?"

"मग सोसायटीकडे गेले. त्यांचे सेक्रेटरी हे घर पाहायला आले, मिस्टर रिग्बी. कोटबिट काढून गुडघ्यांवर बसले, भिंतीतल्या या शेगडीत वर्तमानपत्र पेटवलं आणि मान वाकडी करून धूर वर जातोय का ते पाहत राहिले. उठले, हात झटकले. म्हणाले, धुराडं चांगलं ओढतंय, मिस हॉवर्थ, घर घ्यायला हरकत नाही."

"आणि सही?"

"माझीच पुरली."

डंकनने काटा खाली ठेवला. शेगडीपाशी जाऊन, वाकून, तो धुराड्यात वर पाहू लागला.

"काय दिसतंय?"

"आभाळ. एवढंसं."

दोघं परत हॉलवर गेली. म्युरिअलने झटक्यात खूण करून कागद पेटीत टाकला. डंकन मात्र पेन घेऊन बराच वेळ उभा होता. शेवटी एकदाचा तो पायऱ्यांवर आला.

"कोराच टाकला," तो म्हणाला. "तुम्ही?"

"मी 'हो'वर खूण केली. छप्पर गळतंय, पोरा. शेअर आले की दुरुस्त होईल."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "मग ती रिग्बींची गोष्ट मला कशाला सांगितलीत?"

"तू विचारलंस म्हणून."

तो हसला, तिचा हात दाबला आणि स्टेशनकडे निघाला. तो वळणाआड जाईपर्यंत म्युरिअल पायरीवरच उभी होती. इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. तिनेही कुणाला सांगितलं नव्हतं.

ती पुन्हा आत गेली. पेटीपाशी बसलेल्या बाई आवराआवर करत होत्या.

"एक विचारू का?" म्युरिअल म्हणाली. "टाकलेला कागद परत काढता येतो?"

"नाही हो. का? काही चुकलं का?"

म्युरिअलने हातमोजे चढवले. दुसऱ्या हाताचं बोट नीट बसायला जरा वेळ लागला.

"छे," ती म्हणाली. "सहज विचारलं."