उलटा खटका

शेवटचा स्क्रू जावयाच्या बोटांतून सटकला आणि थेट सासऱ्यांच्या चहात पडला. सासऱ्यांनी कपात डोकावून पाहिलं, चमच्याने तो वर काढला, बनियनला पुसला आणि परत दिला.

"घाई करू नका, जावईबापू. जुनं यंत्र आहे. लाजतं."

मग उरलेला चहा त्यांनी पिऊन टाकला.

जावई कपाट आणि टेबल यांच्या मधल्या फटीत बसला होता. बसला होता म्हणजे बसवला होता. ती खुर्ची एकदा आत सरकली की बाहेर पडायला आधी सासऱ्यांनी उठावं लागे, आणि सासरे उठणाऱ्यांतले नव्हते. समोर वर्तमानपत्रावर मासे पकडायच्या काठीचं जुनं पितळी रीळ पोट उघडं टाकून पडलं होतं.

त्याला आज एकच वाक्य बोलायचं होतं: आम्ही वेगळं राहायला जातोय. दोन खोल्यांची भाड्याची जागा बघून ठेवली होती आणि मालकाला संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. लग्नानंतर "महिनाभर राहा, मग बघू" म्हणून तो सासरी राहायला आला, तो महिना अजून संपायचा होता. पण या घराचा एक नियम होता. हातातलं संपल्याशिवाय तोंडातलं काढायचं नाही. आणि त्याने तोंड उघडलं रे उघडलं की सासरे हातात काहीतरी ठेवत. आधी इस्त्री. मग दाराची बेल, जी आता कोणी दाबली नाही तरच वाजायची. आज हे रीळ.

सासऱ्यांनी डोळे मिटले. ते झोपलेत की नाही, हे त्या घरात कोणालाच कधी कळलेलं नव्हतं. तेवढ्यात बायको पाण्याचं निमित्त करून आली आणि त्याच्या कानाशी वाकली.

"काढलास विषय?"

"स्क्रू काढलेत."

"मालकाचा फोन येऊन गेला. दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे म्हणे."

"मग मी काय इथे हौसेने बसलोय?" त्याने उठायचा नुसता विचार केला, तर गुडघा टेबलाला लागला.

"हातातलं आवर एकदाचं," ती म्हणाली आणि गेली.

त्याने आवरायला घेतलं. वाळून डिंकासारखं झालेलं ग्रीस खरवडलं. दातेरी चाकं रॉकेलने धुऊन एकेक दात नखाने तपासला. सगळे शाबूत. स्प्रिंगही ठणठणीत. तरी मूठ फिरायची ती उलटीच. दोरी सोडायची, गुंडाळायची म्हटलं की अडून बसायची. या घरात पहिल्या दिवसापासून त्याच्या मनात काहीतरी खटकत होतंच. आता खटका प्रत्यक्ष दिसला. चाक मागे फिरू नये म्हणून आत जी छोटी जीभ असते, ती पालथी घातलेली होती. त्यामुळे ती चाकाला पुढेच जाऊ देत नव्हती.

"बाबा, मोडलेलं काहीच नाही यात. खटका उलटा बसवलाय. कोणीतरी अक्कलशून्य माणसाने..."

"मीच," सासरे डोळे न उघडता म्हणाले.

जावयाने रॉकेलचा बोळा उगीच पिळला.

"हे रीळ तुमच्या सासूबाईंच्या वडिलांचं. घरही त्यांचंच. मी या घरात जावई म्हणून राहायला आलो, तेव्हा मला त्यांच्याशी थोडं बोलायचं होतं. म्हणाले, आधी हे बघा. तेव्हा त्याला नुसतं तेल हवं होतं. मी हात लावला आणि ते अडून बसलं."

"मग?"

"मग उघडत राहिलो, मिटत राहिलो. हातातलं काही संपेना. पुढे तेच गेले."

"बोलायचं काय होतं पण?"

सासऱ्यांनी डोळे उघडून स्वयंपाकघराकडे पाहिलं. आतून सासूबाईंचा आवाज आला.

"होतंय का ते? नाहीतर इकडे मिक्सरचं झाकण अडकलंय."

जावयाने खटका सुलटा केला, झाकण लावलं, स्क्रू आवळले आणि रीळ पुढे सरकवलं. सासऱ्यांनी मूठ फिरवली. कटकट करत ती सुरळीत फिरली. त्यांनी पुन्हा फिरवली आणि भाजल्यासारखा हात काढून घेतला.

"हातातलं झालं, बाबा."

"हं."

"आम्ही जागा घेतोय. दोन खोल्यांची. आजच कळवायचंय."

सासरे उठले. अगदी खरोखर उठले. जावयाने खुर्ची मागे लोटली, अंग चोरत बाहेर आला, पण पुढे जाता येईना, कारण सासरे वाटेतच उभे होते.

"गॅलरी आहे?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं.

"आहे. म्हणजे, नावाला. एक कॉट टाकली तर दार लागणार नाही."

सासऱ्यांनी पुन्हा एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"माझी उंची काही फार नाही," ते म्हणाले.