दोन हात लांबचा पैलतीर

"सरकला! मागे सरकला!"

लोखंडी सामानाच्या दुकानावरच्या हॉलमध्ये एक बाई किंचाळली आणि तिथल्या माणसामाणसाच्या अंगावर काटा आला. ती मंचावरच्या खुर्चीत बसली होती. डोळ्यांवर पांढऱ्या मखमलीत शिवलेला व्हीआर हेडसेट. कमरेतून पुढे वाकून, दोन्ही हात पसरून ती समोरच्या हवेला विनवत होती, "थांब ना रे राजा. आईजवळ ये ना."

तिला जे दिसत होतं तेच मागच्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं. बाकावर बसलेला एक तरुण मुलगा, हसरा, गोड. ती जेवढी पुढे वाकली, तेवढाच तो दूर राहिला.

पैलदादा पुढे झाले. लोक त्यांना याच नावाने ओळखत, कारण ते पैलतीरावरची माणसं दाखवायचे.

"यंत्र आहे, हो, यंत्रच आहे!" दादांचा आवाज तुपात घोळलेला. "बाजारात मिळतं. तुम्ही दिलेल्या फोटोवरून चित्र बनतं, तेही सांगतो. माझ्याकडे लपवाछपवी नाही. पण भिंतीवरची तसबीर कधी तुम्हाला पाहून मागे जाते का? नाही ना? मग हा गेला तो कोण?"

"आत्मा!" हॉल गरजला.

"कशामुळे गेला?"

"आमच्या पापामुळे!"

तिसऱ्या रांगेत आपल्या आईशेजारी बसलेल्या एका लेकीने दातओठ खाल्ले. पोर गेलेल्या बाईला पापी म्हणायचं, आणि वर टाळ्या घ्यायच्या! लाज नाही, काही नाही.

तिच्या पर्समध्ये आईच्या इन्सुलिनचं पेन होतं. सकाळी फ्रिजच्या दारात पेनांचा खोका सीलबंद सापडला तेव्हा तिच्या पायाखालची जमीन सरकली होती.

"आई, सुई घेत नाहीयेस तू?"

"दादा म्हणाले, देहाचा लोभ सुटल्याशिवाय तुझे बाबा जवळ यायचे नाहीत."

"अगं, सुई सोडलीस तर काय होईल माहीत आहे ना?"

"काय होईल? मरेन. मग तरी जवळ जाईन त्यांच्या."

फोनवर डॉक्टर ओरडले, आत्ताच्या आत्ता द्या म्हणाले. आईने पदर घट्ट लपेटला, दंडाला हात लावू दिला नाही. "आजचं दर्शन होऊ दे, मग बघू," एवढंच. म्हणून लेक इथे आली होती. आईचे ओठ सुकून पापुद्रे निघाले होते. ती सारखी पाणी मागत होती, आणि डोळे मात्र लग्नाला निघालेल्या मुलीसारखे चमकत होते.

मंचावर आता दादांची लाडकी शिष्या आली. हॉलमधली सगळ्यात 'शुद्ध'. तिने दुसरा हेडसेट घातला, उभी राहिली, चार पावलं चालली. पडद्यावर तिचे स्वर्गवासी वडील मोठे मोठे होत गेले, पार त्यांच्या मिशीचे केस दिसेपर्यंत. हॉलमध्ये हुंदके फुटले.

लेक मात्र मिशीकडे पाहतच नव्हती. ती शाळेत चित्रकला शिकवायची; बारीकसारीक तिच्या नजरेतून सुटत नसे. शिष्येच्या मखमलीला पुढून चार गोल छिद्रं पाडली होती. खुर्चीतल्या बाईची मखमल सलग होती.

आणि तिला गेल्या आठवड्यातलं दुकान आठवलं. घरी खेळायला हेडसेट घ्यायचा म्हणून ती आणि नवरा तिथे तासभर भांडले होते. त्याला कोचावर लोळून गाडी पळवायची होती, हिला खोलीभर फिरत तलवार चालवायची होती. विक्रेता म्हणाला होता, "हा बसून खेळायचा. याला फक्त मान वळलेली कळते. तुम्ही वाकलात, चाललात, तर याला पत्ताच नसतो. फिरायचं तर हा घ्या, याला बाहेरून कॅमेरे आहेत, तुम्ही खोलीत कुठे आहात ते हा ओळखतो." तिने पहिला घालून पाहिला. आतल्या टेबलावरचं फूल हुंगायला वाकली, तर टेबलसुद्धा तेवढंच पुढे. "अहो, टेबल रुसलं माझ्यावर!" म्हणून ती पोट धरून हसली होती.

आता हसू आलं नाही. ती ताडकन उठली.

"दादा, आईला आज तो छिद्रांचा द्या."

"ताई, प्रत्येक यंत्राची स्पंदनं वेगळी..."

"स्पंदनं राहू द्या. अदलाबदल करा."

पण आईच पुढे गेली होती. शिष्येच्या हातातून हेडसेट घेऊन तिने तो डोळ्यांवर चढवला आणि एक पाऊल टाकलं. मग दुसरं. पडद्यावर शिष्येचे वडील जवळ आले.

"अगंबाई! हे कोण कुठले म्हातारे? मी यांच्या नाकापाशी पोचले की!"

पाठीमागे कोणीतरी फिसकन हसलं. लेक हसली नाही.

"बघा! नवऱ्यासाठी पापी, आणि परक्या माणसासाठी पुण्यवान? यात कॅमेरे आहेत, चाललेलं कळतं. त्यात नाहीत, नुसती मान कळते. वाकलात तरी चित्र तेवढंच लांब. पाप कुणाचंच नाही. यंत्र स्वस्तातलं आहे!"

"श्रद्धेची परीक्षा घेऊ नये..." दादा बोलले, पण आवाजातलं तूप गोठलं होतं.

शिष्येने गुपचूप खुर्चीतल्या बाईकडून हेडसेट मागून घेतला. घातला. वाकली. अजून वाकली. मग लहान मुलीसारखी म्हणाली, "दादा, हा माझ्यापासूनही लांबच राहतोय."

खुर्चीतली बाई उठली. "माझ्या लेकराने मला टाकलं म्हणालात तुम्ही. त्या दिवसापासून माझ्या घशाखाली घास उतरला नाही."

दादांनी जिन्याकडे पाहिलं. जिन्यात माणसं उभी राहिली होती. कुणी हात उचलला नाही. फक्त वाट दिली नाही.

"आता मला आमचे हे दाखवा," आई म्हणाली. पडद्यावर तिचा नवरा आला. आयुष्यभर पुस्तकांची बांधणी केलेला माणूस, मांडीवर हात ठेवून शांत बसलेला. आई दोन पावलं पुढे गेली आणि त्याच्या हातांपाशी वाकली.

"हे ते नाहीत," ती म्हणाली. "त्यांचे हात असे रिकामे कधी नसायचे. बोटांवरची वाळलेली खळ सोलत बसायचे. मी ओरडायचे, केर करता म्हणून."

तिने पदर बाजूला केला आणि दंड पुढे केला. "दे सुई."

तिथून दोघी थेट डॉक्टरांकडे गेल्या.

यंत्राचा दोष नाही. दुःखाचाही नाही, गेलेल्या माणसाकडे हात पसरणं हा काही अडाणीपणा नव्हे. पण त्या पसरलेल्या हातांना जो पापी ठरवतो, त्याला तिथल्या तिथे सांगा: अदलाबदल करून दाखव. खरं असेल तर टिकेल.

चेहऱ्यावर रंग परतला तसं आईने जावयाला विचारलं, "मग, हेडसेट कोणता घेताय?"

"तुमची लेक म्हणते, फिरायचा."

"घ्या. नाचा घरभर. फक्त त्यात कुणाचा फोटो घालू नका."