नलूआजी बोईसरला बसते

समजा, तुमच्या कमरेला एक पट्टा बांधला आहे. पट्ट्यावर लाल रंगाची एक डबी आहे, काडेपेटीहून लहान. तुम्ही चाललात की डबी ते टिपून ठेवते. धावलात, वाकलात, जिना चढलात, तेही टिपते. गप्प बसून राहिलात तर तेसुद्धा टिपते. ती वाजत नाही, बोलत नाही, तिच्यावर दिवासुद्धा लागत नाही. असा पट्टा बांधून सात दिवस हिंडायचं. काढायचा तो फक्त आंघोळीच्या वेळी, कारण डबीला पाणी चालत नाही.

जमेल ना? मग आता तुमच्या जागी नलूआजीला उभं करा.

नलूआजी एकसष्ट वर्षांची. तारापूरजवळच्या किनाऱ्यावर तिचं घर. अंगाने काटक, आवाजाने खणखणीत. पहाटे बंदरावर मासे घ्यायचे, पाटी भरायची आणि रिक्षाने बोईसर गाठायचं, हा तिचा पस्तीस वर्षांचा धंदा. काष्ट्यावर तो काळा पट्टा बांधून ती पहिल्या दिवशी बाहेर पडली तेव्हा शेजारीण म्हणाली, "नलू, पोलिसात लागलीस काय गं?"

"लागले तर! पयली तुलाच पकडते."

पट्टा आणून दिला होता अर्चनामॅडमनी. त्या मूळच्या परभणीच्या. नवऱ्याची नोकरी इथल्या कारखान्यात, म्हणून बोईसरला राहायला आलेल्या. त्या एका संशोधनाच्या कामावर होत्या. चाळिशीपुढच्या बायका दिवसभरात किती हालचाल करतात, आणि साखरेचा आजार किंवा रक्तदाब त्यांच्यापासून लांब राहण्याशी त्या हालचालीचा काय संबंध आहे, हे त्यांना शोधायचं होतं. किनाऱ्यावरच्या आणि बोईसरच्या मिळून तीनशे बायका त्यांच्या यादीत होत्या.

"बायकाच का?" नलूआजीची नात रिद्धी हिने विचारलं होतं. रिद्धी पाचवीत आहे, आणि 'का' हा तिचा आवडता शब्द आहे.

"बायकांना आम्ही विचारतो, व्यायाम करता का? त्या म्हणतात, नाही बाई, वेळ कुठे आहे. मग आमच्या कागदावर शून्य पडतं," अर्चनामॅडम म्हणाल्या. "ते शून्य खरं आहे का, ते या डबीला विचारायचं."

नलूआजीला मात्र वेगळीच काळजी होती. तिची साखर सीमेवर होती. म्हणजे आजार अजून झालेला नव्हता, पण उंबऱ्याशी येऊन उभा होता. तिची मोठी बहीण मंदा हिच्या पायाची दोन बोटं याच आजारात गेली होती. मंदा आता काठी घेऊन चालायची. नलूआजी तिच्याकडे जाऊन आली की संध्याकाळभर स्वतःचे पाय दाबत बसायची. दवाखान्यात जाऊन रांग लावायला तिला सवड नसायची. यादीत नाव होतं म्हणून अर्चनामॅडम दर तीन महिन्यांनी घरी येत, रक्त घेत आणि साखर कुठवर आली ते सांगत. एवढाच तिला आधार होता. रिद्धीला हे पक्कं ठाऊक होतं.

पट्ट्याबरोबर एक वहीही होती. वहीत प्रत्येक दिवसाचं एक पान, पानावर तासांच्या ओळी, आणि प्रत्येक ओळीत चार चौकटी: झोपणे, बसणे, हलके काम, चालणे किंवा जड काम. त्या तासाला जे केलं त्या चौकटीत खूण करायची. नलूआजीला लिहिता येत नव्हतं, म्हणून वही रिद्धीकडे आली.

"पहाटे पाच ते सात?" पहिल्या संध्याकाळी रिद्धीने पेन्सिल सरसावून विचारलं.

"बंदरावर गेलते ना. चालले, पाटी उचलली."

रिद्धीने खूण केली. "सात ते एक?"

"सात ते एक बोईसरला बसते."

रिद्धीने 'बसणे'च्या चौकटीत सहा खुणा केल्या, एकीखाली एक, सुबक. दुसऱ्या दिवशीही तेच उत्तर आलं. तिसऱ्या दिवसापासून तिने विचारलंच नाही. सकाळची शाळा सुटून घरी आली की आपणच सहा खुणा करायची आणि वही मिटायची.

आणखी एक गोष्ट तिने केली, पण ती कोणाला सांगितली नाही.

नलूआजी दुपारी दोनच्या सुमारास परत यायची, पट्टा सोडून रिद्धीच्या हातात द्यायची आणि मासळीचा वास घालवायला न्हाणीत शिरायची. चौथ्या दिवशी रिद्धीने तो पट्टा स्वतःच्या कमरेला बांधला. परसात गेली आणि दोरीवरच्या उड्या मारल्या. शंभर. आजी सहा तास बसते, तर तिची हालचाल कमीच भरणार, असं तिला वाटलं होतं. आपल्या शंभर उड्या आजीच्या नावावर पडल्या तर काय बिघडलं? पाचव्या दिवशी तिने पुन्हा शंभर मारल्या. सहाव्या दिवशी पहिल्याच उडीला दोरी तुटली.

पुढच्या सोमवारी संध्याकाळी अर्चनामॅडम आल्या. नलूआजी घरीच होती. तिने सुकत घातलेले बोंबील उचलून ठेवले, हात धुतले आणि चहा टाकला. मॅडमनी डबीला वायर लावून ती लॅपटॉपला जोडली, वही शेजारी उघडली आणि कितीतरी वेळ एकदा पडद्याकडे, एकदा वहीकडे बघत राहिल्या. चहावर साय धरली.

"नलूमावशी," शेवटी त्या म्हणाल्या, "पट्टा सातही दिवस तुमच्याच कमरेला होता ना?"

"मंग काय म्हशीच्या बांधलाय?"

"नाही, विचारते. वहीत तुम्ही सकाळी सहा तास बसलेल्या आहात. आणि डबी म्हणते, त्याच सहा तासांत सगळ्यात जास्त हालचाल झाली आहे. दोन्ही खरं कसं असेल? दुसऱ्या कोणी बांधून खेळ केला असला तर..."

"माज्या घरात असा कोन नाय!" नलूआजीचा आवाज चढला. "माजी नात हाय एक. ती वस्तूला हात लावायच्या आदी इचारते."

रिद्धी दाराच्या चौकटीला चिकटून उभी होती. ते वाक्य तिला चापटीसारखं लागलं.

"रागावू नका मावशी. नियम माझा नाही," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "वही आणि डबी जुळल्या नाहीत तर तो आठवडा बाद होतो, आणि नाव यादीतून काढावं लागतं."

"काढा नाव! मी कुटं..." नलूआजी म्हणाली, आणि मधेच थांबली. तिचा हात आपोआप पायाच्या बोटांकडे गेला.

ते रिद्धीने पाहिलं. मग ती जाग्यावर राहूच शकली नाही.

"मी बांधला होता!" ती एका दमात म्हणाली. "आजीचं नाव काढू नका. मी उड्या मारल्या. शंभर आणि शंभर. आजी न्हाणीत होती. तिची हालचाल वाढावी म्हणून. तिला ठाऊकसुद्धा नाही." आणि ती रडायला लागली.

 मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी लॅपटॉप वळवला आणि म्हणाल्या, "इकडे ये. डोळे पूस. हे बघ काय आहे."

पडद्यावर उंचसखल रेघ होती. मोठे मोठे डोंगर, मधे सपाट मैदान, पुन्हा टेकड्या.

"या डबीच्या पोटात घड्याळ आहे. कोणती हालचाल किती वाजता झाली, ते तिला कळतं. हे बघ, गुरुवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. ही सुईसारखी उभी रेघ. ही कोण?"

"माझ्या उड्या," रिद्धी म्हणाली.

"आणि शुक्रवारी ही दुसरी सुई. चार-चार मिनिटांची. या दोन्ही मी काढून टाकू शकते. डबीला मोठा आकडा नको असतो रिद्धी, खरा हवा असतो. तुझ्या उड्या मी आजीच्या म्हणून धरल्या असत्या, तर उद्या गावोगाव सांगितलं असतं की साठीच्या सगळ्या बायकांनी रोज शंभर दोरीच्या उड्या माराव्यात!"

"मारते की!" नलूआजी म्हणाली. "दोरी आना."

रिद्धीला रडता रडता हसू फुटलं. पण मॅडम हसल्या नाहीत. त्यांचं बोट सकाळच्या डोंगरांवर होतं.

"पण हे तुझं नाही. हे रोज आहे, सकाळी सात ते एक. तेव्हा तू शाळेत असतेस. मग हे कोण?"

"मीच," नलूआजी म्हणाली. "आनकी कोन?"

"पण मावशी, वहीत तर तुम्ही बसलेल्या आहात."

"बसतेच मी बोईसरला. पस्तीस वर्सं बसते. कोनालाबी इचारा, नलू कुटं बसते, दाखवतील."

अर्चनामॅडमनी पेन खाली ठेवलं. "मला एक सांगा. काल बसलात म्हणजे काय काय केलंत? रिक्षातून उतरल्यापासून सांगा."

"काय करनार? उतरले, पाटी डोक्यावर घेतली, पयल्यांदा कॉलनीत गेले. तितं माजी ठरलेली घरं हायत. चार मजले चडले."

"लिफ्टने?"

"लिफ्ट बंद. कदी चालू होती, ते बांदनाऱ्याला ठाऊक. वरची बाई म्हनते, मौसी, झिंगा दिखाओ. दाखवला. म्हनते, छोटा है. खाली आले. परत हाक मारते, मौसी, अच्छा दे दो! परत वर गेले. अशा तीन बिल्डिंगी केल्या."

"मग?"

"मंग बाजारात येऊन बसले."

"हां, बसलात."

"बसले म्हंजे, नळावरनं चार बादल्या पानी आनलं. फळी धुतली. माशांचे वाटे लावले. कापून दिले, खवले काडले. मांजर हाकललं. बरफ सरला तर नाक्यावर जाऊन आनला. पलीकडच्या खानावळीत पापलेट पोचवली. फळी परत धुतली, पाटी उचलली आनि आले."

"मावशी, यात तुम्ही बसलात कधी?"

नलूआजीने खरोखर विचार केला. कपाळाला आठ्या घातल्या.

"रिक्षात," ती म्हणाली. "येताना. जागा गावली तर."

आता मात्र अर्चनामॅडम इतक्या हसल्या की त्यांना पदर डोळ्यांना लावावा लागला. रिद्धीला उमगलं तशी ती कपाळावर हात मारून म्हणाली, "आजी! मी सगळीकडे तू बसलीस असं लिहिलं!"

"तू सांगितलेलंच लिहिलंस," मॅडम म्हणाल्या. "चूक आमच्या चौकटीची आहे. बाजारात बसणाऱ्या बाईसाठी आम्ही चौकटच ठेवली नाही. माझ्या यादीत मासे विकणाऱ्या चाळीस जणी आहेत. त्या सगळ्या 'बसतात'. बरं झालं, हे आजच कळलं." त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहून खाली दोन रेघा ओढल्या. "हा आठवडा मी बाद करत नाही, शेरा लिहून ठेवते. उद्यापासून आणखी सात दिवस पट्टा बांधा. वहीत या वेळी आजी काय म्हणते ते नको लिहू, आजी काय करते ते विचारून लिही."

"मंग माजं नाव?" नलूआजीने विचारलं. तिचा आवाज एवढा बारीक रिद्धीने कधी ऐकला नव्हता.

"नाव कुठे जातंय! आणि हे तर मी द्यायचंच विसरले." मॅडमनी पिशवीतून एक पाकीट काढलं. "तुमच्या साखरेचा कागद. सीमेवरच आहे, पण मागच्या वेळेपेक्षा एक पाऊल मागे सरकली आहे. डॉक्टरांनी लिहिलंय, सध्या गोळी नको."

नलूआजीने कागद हातात घेतला. तिला तो वाचता येत नव्हता, तरी खालपर्यंत बघितला. मग घडी घालून कमरेला खोचला आणि एवढा मोठा श्वास सोडला की चुलीतली राख हलली.

"एक मात्र ऐका," मॅडम म्हणाल्या. "मागच्या वर्षी तुमची साखर वाढली ती पावसाळ्यात. होड्या बंद होत्या, तुम्ही घरी होतात. या वेळी होड्या बंद झाल्या तरी पाय बंद करू नका. रोज मंदामावशींच्या घरापर्यंत चालत जा, चालत या."

"जाते. तिलाबी अंगनात चालवते. बसून बसून कंटाळली हाय ती. ती खरीच बसते," नलूआजी म्हणाली.

मॅडम गेल्यावर रिद्धी आजीजवळ सरकली. "आजी, तू म्हणालीस, माझी नात विचारल्याशिवाय हात लावत नाही."

"म्हनले."

"मी लावला."

"लावलास, पन सांगितलंस. मला वाटलं न्हवतं सांगशील." नलूआजीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हाताला बोंबलाचा वास होता. "आता गप जेव. उड्या मारून भूक लागली असंल."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता नलूआजी बोईसरहून आली. पाटी उतरवली, पट्टा सोडला आणि नेहमीसारखा रिद्धीच्या हातात दिला. मागे न बघता ती न्हाणीकडे वळली. न्हाणीचं दार लागलं. परसात तुटलेल्या दोरीच्या जागी आणलेली नवी दोरी वाळवणाच्या बांबूला लटकत होती.

रिद्धीने पट्टा खुंटीला अडकवला. मग त्याच्यासमोर जमिनीवर मांडी घातली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबले, आणि आजी न्हाणीतून बाहेर येईपर्यंत तिथेच बसली. खरीखुरी बसली.