हंबीररावांचा ठराव

पलूसजवळच्या एका गावच्या ग्रामसभेत सेवानिवृत्त सुभेदार हंबीरराव यांनी मोठ्या आवेशाने ठराव मांडला होता : सर्व शेजारी राष्ट्रांशी असलेला व्यापार तत्काळ बंद व्हावा. टाळ्यांच्या गजरात तो मंजूर झाला. पुढे खरोखरच दोन सरकारांचे बिनसले आणि बांगलादेशाच्या सीमेवर हंबीररावांच्याच बागेतील द्राक्षांचा ट्रक अडकून पडला.

"आबा, तुमास्नी शेजारी म्हंजे काश्मीरपल्याडचाच ठावं," मुलगा ऋषिराज कडाडला. "आपला माल ढाक्याला जातोय, ह्ये कवा इचारलंसा?"

ढाक्याचा व्यापारीही रोज फोनवर हळहळत होता. ऐन रमजानात त्याचे दुकान रिकामे होते.

अखेर हंबीरराव सरपंच संयोगिताताईंकडे गेले. "ताई, त्यो ठराव मागं घ्या. व्यापार सुरू करा म्हणून नवा लिवा."

"आवं आबा," ताई हसल्या, "पयलाच अजून तालुक्याला पोचला न्हाई. दिल्ली-ढाक्याला कोण इचारतंय आपल्याला?"

सीमा आपल्या शब्दाने बंद झाली नव्हती, हे ऐकून हंबीररावांना हायसे वाटायला हवे होते. परंतु ती आपल्या शब्दाने उघडणारही नाही, या जाणिवेने त्यांचा संताप अनावर झाला. तेवढ्यात ऋषिराजचा फोन आला : ट्रकमधील द्राक्षांना पाणी सुटले होते.

"तरीबी लिवा," हंबीरराव म्हणाले आणि खुर्ची ओढून तेथेच बसले.