खोकल्याची असली कॅसेट

मी दोन खणांचा टेप बोलतोय. मला सांगा, विश्वास कोणावर ठेवाल? गाणाऱ्यावर, विकणाऱ्यावर, की ऐकेल ते जसंच्या तसं उतरवणाऱ्या माझ्यावर? घाई नको, आधी हकिकत ऐका.

डिलाईल रोडवर तुळशीदासशेटच्या दुकानात माझा मुक्काम. एका खणात असली कॅसेट घालायची, दुसऱ्यात कोरी. गप्पा संपेपर्यंत जुळं तयार.

गिरण्यांच्या संपात साचे, म्हणजे माग, बंद पडले तेव्हा गिरणी कामगार गणपतबुवांनी गळा चालू केला. मालवणी भजनाची कॅसेट काढली. घरची चूल तिच्यावर. शेटनं एक विकत घेतली आणि मला कामाला जुंपलं. बुवांची विक्री बसली.

मग बुवांनी नव्या कॅसेटीत सुरुवातीलाच शाप भरला, 'नकली घेणाऱ्याचं देव बघून घेईल.' मी शापही इमानदारीत उतरवला. पुढच्या खेपेला ते ऐन गजरात मुद्दाम तीनदा खोकले आणि गावभर सांगत सुटले, 'खोकला असेल तोच माल असली.' झालं, गिऱ्हाईक आमच्याच दुकानात विचारायला लागलं, "खोकल्याची आहे ना?"

"बुवा," शेट म्हणाले, "तुम्ही शिंकलात तरी माझा टेप शिंकेल."

शेवटी बुवांची बायको कमल दुकानात आली. "शेटजी, कुलपां घालून आमी दमलांव. आता ह्येंका हयच बसवा. जो कॅसेट घेतलो, तेच्या नावान सुरवातीक देवाक गाऱ्हाणा घालतले."

"त्यात माझा काय फायदा?"

"असली तुमीच इका. शेजाऱ्याचा भला मागणारी नकली कोण घेतलो?"

शेट हसले, आणि हसता हसता त्यांनी स्टूल पुढे सरकवलं.

रविवारी बुवा माझ्या माईकपुढे बसले. "बा देवा म्हाराजा, ह्या शामराव राण्याच्या झिलाक नोकरी मिळू दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," रांगेतले सगळे म्हणाले.

बुवांची चूल पेटली. चोरी संपली म्हणाल, तर नाही. पलीकडच्या चाळीत दुसरा एक शामराव राणे निघाला. त्यानं कॅसेट उसनी आणून गुपचूप उतरवून घेतली. त्याला मूलबाळ नव्हतं. मागणं झिलाच्या, म्हणजे मुलाच्या, नोकरीचं, म्हणून देवाला आधी झील द्यावा लागला. पेढे घेऊन तो बुवांकडे गेला. कमलवहिनींनी पेढे ठेवून घेतले, आणि कॅसेटचे पैसेही.

आता माझे पट्टे तुटलेत, मी माळ्यावर असतो. खाली शेटच्या नातवाच्या फोनवर तेच भजन वाजतं, खोकल्यासकट. कुलूप कसलंही घाला, कानाला ऐकू येतं ते उतरवता येतं. तुम्हीही उतरवालच. फक्त हिशेब चोख ठेवा. तीन खोकले ऐकू आले, की गळ्याचे पैसे पोचते करा.