लतिकाबाईंच्या नावाची मूठ

मित्रांनो, बनारसमधल्या एका कॅथलिक चर्चच्या मागे स्वयंपाकघर आहे. तिथे खिडकीखाली पोट पुढे काढून बसलेले जुने पितळी पातेले म्हणजे मी. माझ्यात एका वेळी दोनशे माणसांची तहरी शिजते. तहरी म्हणजे इकडचा मटार-बटाटे घातलेला पिवळा भात. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. थोडी बढाई आहे, पण खरी आहे.

माझा जन्म इथल्याच ठठेरी बाजारात झाला. एका तांबट कारागिराने पत्रा ठोकून ठोकून माझे पोट काढले. तो मार मी अजून विसरलेले नाही. मग त्याने आतून कथलाची पांढरी कल्हई चढवली आणि मी सायकलरिक्षात बसून चर्चमध्ये आले. वाटेत रिक्षावाला सारखा मागे वळून माझ्याकडे बघत होता आणि धापा टाकत होता.

आता तुम्ही विचाराल, बनारसी पातेले मराठी कसे काय बोलते? ते लतिकाबाईंमुळे. त्या श्रीरामपूरकडच्या. नवरा रेल्वेत होता, त्याच्या बदलीबरोबर इकडे आल्या. तो अकाली गेला आणि त्या चर्चच्या स्वयंपाकघरात कामाला लागल्या. दिवसभर जवळजवळ सगळ्यांशी हिंदी बोलायच्या आणि एकट्या असल्या की माझ्याशी मराठी. त्यांचे दुःख, त्यांच्या लेकीचे लग्न, फादरांच्या खाण्याच्या खोडी, सगळे मी ऐकले आहे. पोटात ठेवण्याचेच तर माझे काम.

इथली एक चाल आहे. चर्चच्या कामात कुणाला पंचवीस वर्षे झाली, की रविवारच्या मिस्सेनंतर, म्हणजे सामूहिक प्रार्थनेनंतर, अंगणात पंगत बसते. ड्रायव्हर देवदत्तची बसली, सिस्टर प्रेमलांची बसली, घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्या बाबांचीही बसली. स्वयंपाक लतिकाबाईंचा. तहरीत त्या आपल्या नगरी काळ्या मसाल्याचा एक डाव घालायच्या आणि विचारले तर सांगायच्या नाहीत. तांदूळ पडण्याआधी मात्र त्या एकच मूठ हातात घ्यायच्या. ज्याची पंगत त्याचे नाव घेऊन, कपाळाला लावून, ती मूठ माझ्यात सोडायच्या. मग बाकीचे तांदूळ. नाव कळल्याशिवाय त्यांनी कधी तहरी चढवली नाही.

त्या पंगतीत त्या स्वतः कधी बसल्या नाहीत. सगळे हात धुऊन गेले, की माझ्या तळाशी लागलेली खरवड उलथन्याने काढायच्या आणि उभ्या उभ्याच खायच्या. कुणी म्हटले, "मौसी, बैठो ना," तर म्हणायच्या, "चूल्हा छोड़कर कैसे बैठूँ?" लोकांना वाटे, यांना खरवडच आवडते. मलाही तसेच वाटायचे. मोठे पोट असले म्हणजे अक्कलही मोठी असते असे नाही.

मग ती आजाराची वर्षे आली. चर्चला कुलूप लागले, पंगती बंद पडल्या. पुढे कुलूप निघाले, पण पंगत परत आली नाही. लोक मिस्सा झाली की पुरीभाजीचे पाकीट घेऊन घरी जाऊ लागले. माझी कल्हई उडाली. बिनकल्हईच्या पितळेत अन्न कळकते, म्हणून मला मागच्या दारी पालथे घातले. लतिकाबाई माझ्यावर बसून मटार सोलायच्या. राजा होते ते पाट झाले! मोडीत देण्याचीही भाषा दोनदा कानावर आली. दोन्ही वेळा लतिकाबाई म्हणाल्या, "रहने दो, मुझे बैठने को लगता है."

अशात गेल्या हिवाळ्यात लतिकाबाईंची पंचवीस वर्षे भरली. नव्या फादरांनी ठरवले की पंगत पुन्हा सुरू करायची, तीही लतिकाबाईंच्याच मानाची, आणि त्यांना आधी काही कळू द्यायचे नाही. यादी झाली. शाल सिस्टर प्रेमला आणणार. गाणे शाळेतल्या मृणालिनी टीचर बसवणार. त्या ब्रह्मा घाटावरच्या मराठी घरातल्या, लतिकाबाईंशी मराठी बोलणाऱ्या इथल्या एकट्याच. शेवटच्या ओळीत लिहिले होते, 'तहरी : लतिका मौसी'.

मित्रांनो, यादी सहा जणांनी वाचली. सहाही जणांनी मान डोलावली.

शुक्रवारी सकाळी लतिकाबाई माझ्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. देवदत्त आला आणि पूर्वी सांगायचा तसेच म्हणाला, "मौसी, परसों इतवार को दो सौ लोगों की तहरी बनेगी."

लतिकाबाईंचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांनी पंगत! "अच्छा? किसके नाम की मुट्ठी डालूँ?"

देवदत्त अडखळत म्हणाला, "वो... मौसी... किसी का नहीं है."

"बिना नाम की तहरी नहीं चढ़ाती मैं. मालूम है ना तुमको?"

देवदत्त कानापर्यंत लाल झाला आणि "फादर बुला रहे हैं" म्हणून पळाला. फादर त्या वेळी बाजारात गेले होते.

लतिकाबाईंनी बोटांवर वर्षे मोजली. मग माझ्या बुडावर हलकेच थाप मारली आणि म्हणाल्या, "ऐकलंस का रे? माझ्याच जेवणाला मलाच चुलीपुढे उभं करतायत." आधी त्या हसल्या. मग पदराने डोळे पुसले आणि बराच वेळ पुसतच राहिल्या. मला फार वाईट वाटले. त्यांना खरवड आवडत नव्हती, हे मला त्या क्षणी कळले.

देवदत्तने सगळ्यांना जाऊन सांगितले असावे. दुपारी मृणालिनी टीचर धावतच आल्या.

"लतिकाताई, गलती झाली हो आमची. आमच्या दिमागमध्येच नाही आलं. जेवण म्हटलं की तुम्हीच डोळ्यांसमोर येता. इतवारला तुम्ही चुलीकडे यायचंच नाही. आम्ही बनवू."

"तुम्ही? दोनशे माणसांची?"

"बनवू ना! नाही जमलं तर पाकिटं मागवू."

"पाकिटं नकोत," लतिकाबाई म्हणाल्या. "पंगत बसेल तर मी बसेन. आणि शिजेल ते या पातेल्यात."

माझ्या अंगावर शहारा आला. पण मला कल्हई कुठे होती?

शनिवारी सकाळपासून देवदत्त कल्हईवाला शोधत हिंडला. आता हे काम करणारे बोटांवर मोजण्याइतके. शेवटी ठठेरी बाजारातल्या एका गल्लीत एक म्हातारे चाचा सापडले. त्यांनी अंगणात कोळसे पेटवले, मला तापवले, नवसागर टाकला. धुराने सगळ्यांना ठसका लागला. मग कथील लावून त्यांनी कापसाचा बोळा असा काही फिरवला, की माझ्यात आभाळ दिसू लागले. "अच्छा बर्तन है," चाचा म्हणाले. "ऐसा अब कोई नहीं बनाता." मी ते दोनदा ऐकले, कारण देवदत्तने ते लगेच सगळ्यांना सांगितले.

रविवारी चुलीभोवती अकरा माणसे आणि अकरा मते होती. मीठ किती यावर सिस्टर प्रेमला आणि देवदत्त यांचे वाजले. तांदळाची परात उचलली गेली, आणि मृणालिनी टीचर ओरडल्या, "रुको! मूठ राहिली!" त्यांनी एक मूठ तांदूळ घेतले, कपाळाला लावले आणि म्हणाल्या, "लतिकाताईंच्या नावानं." पंचवीस वर्षांत मी पुष्कळ नावे ऐकली. ते नाव पहिल्यांदाच ऐकले.

अंगणात चटया पसरल्या. लतिकाबाई नवी शाल पांघरून पहिल्या पानावर बसल्या. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. दोनदा त्या वाढायला उठल्या, दोनदा त्यांना खाली बसवले. त्यांनी पहिला घास घेतला. दोनशे माणसे त्यांच्याकडे बघत होती.

"नमक कम है," लतिकाबाई म्हणाल्या. मग पान पुढे केले. "और परोसो."

अंगणभर हशा पिकला. त्या तीनदा वाढून जेवल्या.

पंगत उठली आणि जुन्या सवयीने त्या चमचा घेऊन माझ्याकडे आल्या. पाहतात तो फादर बाह्या सरसावून माझ्यात वाकलेले, खरवड काढत उभ्या उभ्या खात होते. नव्या कल्हईवर लोखंडी उलथने घासू नये, हे त्यांना कोण सांगणार! मी मात्र त्या दिवशी हू की चू केले नाही.

"मौसी," फादर भरल्या तोंडाने म्हणाले, "पच्चीस साल आपने अकेले खाई. अब हमारी बारी."

आता दर महिन्याला कुणाच्या ना कुणाच्या नावाने पंगत बसते, आणि खरवडीसाठी पाळी लावलेली आहे. लतिकाबाईंचे नाव त्या पाळीत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे पितळी भांडे असेल तर त्याला वेळेवर कल्हई करा, ते तुमच्या नातवंडांनाही जेवू घालील. आणि आज सगळे जेवून उठले की जरा थांबा. तळाची खरवड कोण खाते ते बघा. उद्या त्यांच्या आधी चमचा घेऊन तिथे पोहोचा.